मुख्यकल्प आणि अनुकल्प : कठीण व्हिडिओ गेममधील सुलभ पातळीचा प्रश्न

१

मार्च २०१९ मध्ये जपानमधील फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीने निर्माण केलेला 'सेकिरो : शॅडोज डाय ट्वाइस' हा व्हिडिओ गेम प्रसिद्ध झाला. त्याचे दिग्दर्शक मियाझाकी हिदेताका. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील जपानची कल्पित पार्श्वभूमी, बालवयीन स्वामीच्या रक्षणासाठी झटणारा, एक हात गमावलेला आणि मरून पुन्हा उठणारा योद्धा, व त्याला पावलोपावली आडवे येणारे प्रबळ प्रतिस्पर्धी असे या खेळाचे स्वरूप आहे. खेळ अत्यंत कठीण आहे. शत्रूची तलवार अंगावर येत असताना सेकंदाच्या एका लहानशा अंशात नेमके बटण दाबले तरच वार परतविता येतो. चुकल्यास बहुधा मृत्यू ओढवतो, आणि तोच प्रसंग पुन्हा प्रारंभापासून खेळावा लागतो. अनेक खेळांत आरंभी 'सोपी', 'मध्यम', 'कठीण' अशा काठिण्यपातळ्यांतून निवड करण्याची सोय असते. 'सेकिरो'मध्ये ती नाही.

खेळ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या काही आठवड्यांतच समीक्षक, खेळाडू आणि अन्य खेळांचे निर्माते यांच्यात एक तीव्र वाद उभा राहिला. अशा खेळात सुलभ पातळी, म्हणजे रूढ भाषेत 'ईझी मोड', असावी की नसावी? एका पक्षाचे म्हणणे असे की, पैसे मोजून घेतलेल्या कलाकृतीचा मोठा भाग केवळ बोटांच्या चपळाईअभावी कायमचा बंद राहावा हे अन्याय्य आहे. आणि ज्यांचे हात, डोळे वा कान पूर्णांशाने साथ देत नाहीत त्यांच्या बाबतीत तर ते अपमानकारकही आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, काठिण्य हाच या कृतीचा आशय आहे. तो काढून घेतल्यास जे उरेल ते त्याच नावाचे दुसरे काही असेल. प्रत्येक कृती प्रत्येकासाठी असलीच पाहिजे असा नियम कोणत्याही कलेत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस 'सेकिरो'ला 'द गेम अवॉर्ड्स' या सोहळ्यात वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार मिळाला. वाद मात्र मिटला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातील टीम चेरी या छोट्या संस्थेचा 'हॉलो नाइट : सिल्कसाँग' हा खेळ आला, तेव्हा तो जवळजवळ त्याच शब्दांत पुन्हा झडला.

साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद वरवर पाहता परका वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न त्याच्या चांगल्या परिचयाचा आहे. आस्वादासाठी अधिकार लागतो काय, आणि लागत असल्यास तो नसलेल्याचे काय करावयाचे, हा तो प्रश्न होय. व्हिडिओ गेममध्ये तो अधिक उघड्या स्वरूपात पुढे येतो एवढेच.

२

येथे प्रथम एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. एखादी कादंबरी कितीही दुर्बोध असली तरी ती वाचकाला अडवून धरीत नाही. पहिले प्रकरण समजले नाही म्हणून शेवटचे पान उघडता येत नाही असे होत नाही. व्हिडिओ गेम मात्र अडवून धरू शकतो. पहिला शत्रू पराभूत झाल्याशिवाय दुसरे दार उघडत नाही, आणि दार न उघडल्यास त्यापलीकडील कथा, चित्र, संगीत हे सर्व त्या खेळाडूपुरते अस्तित्वातच नसते. नॉर्वेजियन अभ्यासक एस्पेन आर्सेथ यांनी 'सायबरटेक्स्ट' (१९९७) या ग्रंथात अशा कृतींसाठी 'अर्गोडिक' ही संज्ञा योजली. 'कार्य' आणि 'मार्ग' या अर्थांचे दोन ग्रीक शब्द तिच्यात आहेत. डोळे फिरविणे व पाने उलटणे याहून अधिक कष्ट घेतल्याखेरीज ज्या संहितेतून मार्ग काढता येत नाही ती संहिता अर्गोडिक होय.

कष्ट हे खेळाच्या व्याख्येतच अनुस्यूत आहेत असेही प्रतिपादन झालेले आहे. तत्त्वचिंतक बर्नार्ड सूट्स यांनी 'द ग्रासहॉपर' (१९७८) या ग्रंथात मांडलेल्या विचाराचा आशय असा की, खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे स्वेच्छेने पत्करून ते ओलांडण्याचा प्रयत्न होय. चेंडू खळग्यात पडावा एवढाच गोल्फचा हेतू असता तर तो हाताने नेऊन टाकणे सर्वांत सोपे होते. ती सोपी रीत वर्ज्य केल्यामुळेच गोल्फ हा खेळ ठरतो. सुलभ पातळीच्या विरोधकांचे बळ या विचारात आहे. अडथळा हे खेळाचे आवरण नसून त्याचे द्रव्य आहे असे मानले, तर अडथळा कमी करणे म्हणजे शिल्पातील दगड कमी करणे होय.

हा युक्तिवाद दुर्बल नाही. परंतु तो एक गोष्ट गृहीत धरतो. अडथळ्याची उंची ही कृतीचा ठरीव, मोजता येण्याजोगा गुण आहे, आणि कर्त्याने ती एकदाच कायमची निश्चित केलेली आहे, असे त्यात मानलेले असते. या गृहीतकाची प्रथम इतिहासाच्या आधारे आणि नंतर अनुभवाच्या आधारे परीक्षा करावयास हवी.

३

१९७८ मध्ये जपानच्या ताइतो कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ बाजारात आणला. निशिकादो तोमोहिरो हे त्याचे जनक. पडद्यावरील परग्रहवासी एकेक करून टिपले जाऊ लागले की उरलेल्यांची चाल वेग घेते आणि खेळ अधिकाधिक कठीण होत जातो. या सुप्रसिद्ध वैशिष्ट्याचा उगम यंत्राच्या दुर्बलतेत आहे. आकृत्यांची संख्या घटली की त्या काढण्याचे काम हलके होई आणि यंत्र आपोआप भराभर चाले. निशिकादो यांनी ही अनपेक्षित गोष्ट तशीच ठेवली. पुढे एक शैलीच तिच्यावर उभी राहिली.

अशी यंत्रे नाण्यावर चालत. खेळाडू फार लवकर हरला तर तो चिडून निघून जाई. फार वेळ टिकला तर दुसरे नाणे पडत नसे. म्हणून यंत्राच्या आतील पट्टीवर लहान खटके बसविलेले असत. खेळाडूला किती 'जीव' द्यावयाचे, किती गुणांनंतर एक जीव वाढवून द्यावयाचा, हे दुकानाचा मालक त्या खटक्यांनी ठरवी. एकाच नावाचा खेळ एका दुकानात सोपा आणि दुसऱ्या दुकानात कठीण असू शके. याचा अर्थ असा की, व्हिडिओ गेमच्या आरंभकाळापासून काठिण्यपातळी बदलती होती. ती बदलण्याचा अधिकार तेवढा खेळाडूकडे नव्हता.

घरगुती यंत्रांनी तो अधिकार खेळाडूच्या हाती दिला. १९७७ मध्ये अमेरिकेत आलेल्या अटारी कंपनीच्या घरगुती यंत्रावर काठिण्यासाठी दोन स्वतंत्र खटके होते, प्रत्येक खेळाडूसाठी एक. कसलेल्या खेळाडूचा खटका कठीण बाजूला आणि नवख्याचा सोप्या बाजूला ठेवून दोघांना एकाच वेळी एकच खेळ खेळता येई. त्यात कोणाला खेळाचा अवमान दिसला नाही.

सुलभ पातळीला हीनत्वाची छटा नंतर चिकटली. १९९२ मध्ये अमेरिकेतील इड सॉफ्टवेअरने काढलेल्या 'वुल्फेन्स्टाइन थ्री-डी' या खेळात सर्वांत सोपी पातळी निवडू जाताच नायकाचे चित्र डोक्यावर बाळाचे टोपडे आणि तोंडात चोखणी अशा वेशात दिसे. खेळाडूला सोपा मार्ग उपलब्ध होता, पण तो घेण्यापूर्वी त्याला लाज वाटेल अशी तजवीज होती. आजच्या वादातील कडवटपणा पुष्कळसा या परंपरेतून आलेला आहे.

देशोदेशीच्या प्रकाशकांनीही काठिण्य परस्पर बदललेले आहे. निन्तेन्दोने १९८६ मध्ये जपानात 'सुपर मारियो ब्रदर्स २' हा खेळ काढला. तो अमेरिकेतील ग्राहकांना फार कठीण जाईल असे ठरवून १९८८ मध्ये त्याच नावाखाली तेथे एक निराळाच खेळ फेरफार करून विकण्यात आला. मूळ खेळ अमेरिकेतील खेळाडूंच्या हाती एका संग्रहाचा भाग म्हणून १९९३ मध्ये पडला. कर्त्याने ठरविलेले एकमेव, अविकारी काठिण्य ही कल्पना या इतिहासाशी जुळत नाही. ती बऱ्याच अंशी अलीकडची आहे, आणि 'डीमन्स सोल्स' (२००९) व 'डार्क सोल्स' (२०११) या मियाझाकी यांच्याच खेळांच्या कीर्तीबरोबर ती दृढ झाली.

४

काठिण्य हा एकजिनसी गुण नाही, ही गोष्ट काव्यचर्चेत पूर्वीच स्पष्ट झालेली आहे. जॉर्ज स्टाइनर यांनी दुर्बोधतेवरील आपल्या निबंधात (१९७८) तिचे चार प्रकार कल्पिले. त्यांपैकी दोन येथे विशेष उपयोगी आहेत. एक प्रासंगिक दुर्बोधता : शब्द, संदर्भ, आख्यान माहीत नसल्यामुळे येणारी आणि कोश पाहून दूर होणारी. दुसरी योजनापूर्वक आणलेली दुर्बोधता : वाचकाची सवयीची गती मोडावी आणि त्याने शब्दापाशी थांबावे यासाठी कवीने हेतुतः निर्माण केलेली. पहिली निवारल्याने कवितेचे काही बिघडत नाही. दुसरी निवारल्यास कवितेचा हेतूच हरपतो.

संस्कृत साहित्यशास्त्रातही हा प्रश्न दोन्ही बाजूंनी उभा आहे. आपले काव्य व्याख्येच्या साह्यानेच कळण्याजोगे आहे, ते विद्वानांना उत्सवासारखे आहे आणि मंदबुद्धींची त्यात धडगत नाही, असे भट्टी आपल्या महाकाव्याच्या शेवटी अभिमानाने सांगतो. जवळजवळ तेच शब्द भामहाच्या ग्रंथात दोष म्हणून येतात : काव्येही शास्त्रासारखी व्याख्येवाचून कळेनाशी झाली तर बिचाऱ्या अल्पबुद्धींनी काय करावे? भारवीच्या वाणीला मल्लिनाथाने नारळाची उपमा दिली. रस आत आहे, कवच कठीण आहे. आणि ते कवच फोडण्यासाठी 'किरातार्जुनीया'वर त्याने जी टीका लिहिली तिचे नाव त्याने 'घंटापथ', म्हणजे राजमार्ग, असे ठेवले.

या ठिकाणी साम्याबरोबर भेदही पाहावयास हवा. मल्लिनाथाची टीका मूळ श्लोकाचे एक अक्षरही बदलीत नाही. ती श्लोकाशेजारी उभी राहते, आणि ज्याला नको असेल तो तिच्याकडे न पाहता पुढे जातो. व्हिडिओ गेममधील काठिण्य मात्र अर्थग्रहणाच्या पूर्वीच, कृतीच्या पातळीवर, वाट अडविते. त्यामुळे तेथे साह्य करावयाचे तर ते कृतीच्या आत शिरूनच करावे लागते : शत्रूचा वेग कमी करणे, वार परतविण्याचा अवकाश वाढविणे, नायकाची सहनशक्ती वाढविणे. टीका बाहेर राहू शकते, सुलभ पातळी राहू शकत नाही. विरोधकांची चिंता याच फरकातून उद्भवते, आणि ती रास्त आहे.

५

ही चिंता तिच्या सर्वांत प्रबळ स्वरूपात मांडणे योग्य ठरेल. 'सेकिरो'मध्ये मृत्यू हा केवळ दंड नाही. नायक वारंवार मरू लागला की त्याच्या परिचयातील माणसांना एक रोग जडतो आणि ती खोकू लागतात. आपल्या पुनरुत्थानाची किंमत दुसरे कोणी मोजीत आहे, ही जाणीव खेळाडूला स्वतःच्या पराभवांतून होते. जो खेळाडू क्वचितच मरेल त्याला ही जाणीव कशी व्हावी? शिवाय मियाझाकी यांनी मुलाखतींतून अशी भूमिका मांडली आहे की, सर्व खेळाडूंनी समान भूमीवरून खेळाविषयी बोलावे म्हणून पातळ्यांची निवड ठेवलेली नाही. याला आणखी एक युक्तिवाद जोडता येतो. सोपा मार्ग समोर दिसत असताना कठीण मार्गावर टिकून राहणे निराळे, आणि मार्ग एकच असल्यामुळे टिकून राहणे निराळे. दहाव्या पराभवानंतर सोपी पातळी खुणावीत असेल तर अकरावा प्रयत्न करणारे फार थोडे उरतील, आणि त्या अकराव्या प्रयत्नातच कदाचित खेळाचे सार असेल.

या तीन मुद्द्यांपैकी समान भूमीचा मुद्दा सर्वांत दुबळा आहे. एकोणीस वर्षांचा सराईत खेळाडू, साठीतला नवखा आणि संधिवाताने बोटे आखडलेला तिसरा, या तिघांना एकाच मापाचा अडथळा दिला म्हणजे त्यांना एकच अनुभव दिला असे होत नाही. पहिल्याला पाच प्रयत्नांत, दुसऱ्याला शंभर प्रयत्नांत जे साधते ते तिसऱ्याला कधीच साधत नाही. कर्त्याला अभिप्रेत असलेला अनुभव 'पुष्कळ पराभवांनंतर कष्टाने मिळालेला जय' हा असेल, तर पहिल्याला तो पुरेसा मिळाला नाही आणि तिसऱ्याला मुळीच मिळाला नाही. काठिण्य हा कृतीचा गुण नसून कृती आणि खेळाडू यांच्यामधील संबंधाचा गुण आहे. माप तेच ठेवल्याने संबंध बदलतो. संबंध तोच ठेवावयाचा असेल तर माप बदलावे लागते.

स्वतः 'सेकिरो'ही मापाला पवित्र मानीत नाही. त्यात एक घंटा आहे. ती वाजविली की खेळ अधिक कठीण होतो. एकदा खेळ संपवून दुसऱ्या फेरीला आरंभ करताना स्वामीने दिलेला रक्षक ताईत परत केला तरी तेच घडते. म्हणजे पातळी बदलण्याच्या तत्त्वाला कर्त्याचा विरोध नाही. फक्त ती एकाच दिशेने बदलता येते. आणि त्याच कर्त्याच्या 'डार्क सोल्स'मध्ये अन्य खेळाडूंना मदतीस बोलाविणे, आपले बळ वाढवीत राहणे, दूर उभे राहून मंत्रप्रयोग करणे असे मार्ग आहेत. नाव न घेता ठेवलेल्या त्या सुलभ पातळ्याच होत. 'एल्डन रिंग' (२०२२) मध्ये तर एखाद्या शत्रूपुढे अडलेला खेळाडू विस्तीर्ण प्रदेशात दुसरीकडे जाऊन सामर्थ्य मिळवून परतू शकतो, किंवा प्रेतात्म्यांना साह्याला बोलावू शकतो. पहिल्या वर्षातच त्या खेळाच्या दोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या, आणि त्याची कठीणपणाची ख्याती काही उणावली नाही.

मोहाचा मुद्दा अधिक गंभीर आहे. त्याचे उत्तर शोधताना धर्मशास्त्रातील एक जुनी व्यवस्था मार्गदर्शक ठरते. व्रताचा किंवा विधीचा जो पूर्ण प्रकार तो मुख्यकल्प. आणि आजारी, वृद्ध, अशक्त यांच्यासाठी त्याच शास्त्राने सांगितलेला गौण पर्याय तो अनुकल्प. निराहार एकादशी ज्याला झेपत नाही त्याने दूध वा फळे घ्यावी. या व्यवस्थेत तीन गोष्टी लक्षणीय आहेत. पहिली, अनुकल्प शास्त्रकर्त्यानेच सांगितलेला असतो. तो चोरवाट नसतो. दुसरी, मुख्यकल्प पाळण्यास समर्थ असूनही जो अनुकल्पाचा आश्रय करतो त्याला फळ मिळत नाही, असे मनुस्मृती सांगते. म्हणजे मोहाची शक्यता शास्त्राने ओळखलेली आहे. तिसरी, ती ओळखूनही त्याने अनुकल्प काढून टाकलेला नाही. समर्थाने पळवाट काढू नये म्हणून असमर्थाला उपाशी ठेवणे शास्त्राला मान्य झाले नाही. सामर्थ्याचा निवाडा ज्याचा त्याने करावयाचा, आणि तो खोटा केल्यास हानी ज्याची त्याने सोसावयाची.

सुलभ पातळी हा असा अनुकल्प आहे असे मानले की वादाचे स्वरूप बदलते. 'असावी की नसावी' हा प्रश्न मागे पडतो, आणि ती कोणी, कशी व कोणत्या शब्दांत द्यावी हा प्रश्न पुढे येतो.

६

या दृष्टीने प्रत्यक्षात योजिलेल्या काही रीती तपासून पाहता येतील.

सर्वांत सोपी रीत म्हणजे आकडे बदलणे : शत्रूचे बळ निम्मे आणि नायकाचे दुप्पट. ही बहुधा सर्वांत वाईटही असते. तिच्यामुळे शत्रूचे डावपेच शिकण्याचे कारणच नाहीसे होते, आणि मृत्यूविषयीच्या रूपकाची जी हानी विरोधकांना दिसते ती येथे खरोखरच घडते.

दुसरी रीत अपूर्ण प्रवेशाची. कॅनडातील स्टुडिओ एमडीएचआरच्या 'कपहेड' (२०१७) या खेळात प्रत्येक लढतीसाठी एक सोपा प्रकार आहे. परंतु त्या प्रकाराने जिंकल्यास सैतानाचे करारपत्र हाती पडत नाही, आणि करारपत्रे नसल्यास अखेरच्या लढतींचे दार उघडत नाही. येथे सोपी पातळी सरावाची शाळा ठरते. ज्याला पुढे जाता येणे शक्य आहे त्याला ती उपयोगी पडते. ज्याला ते शक्यच नाही त्याला ती उंबरठ्यावर थांबवून ठेवते.

तिसरी रीत गुप्त साह्याची. कॅपकॉमच्या 'रेझिडेंट ईव्हिल ४' (२००५) मध्ये खेळाडू वारंवार मरू लागल्यास शत्रूंचा मारा नकळत सौम्य होतो, आणि तो सहज जिंकू लागल्यास तीव्र होतो. लाज वाटण्याचा प्रश्न यामुळे सुटतो. परंतु खेळाडूचा जय किती प्रमाणात त्याचा आहे हे त्याच्यापासून लपविले जाते. ज्या कृतीचे मर्म स्वतःच्या सामर्थ्याची ओळख हे आहे, तिला ही रीत मानवणारी नाही.

चौथी रीत 'सेलेस्ट' (२०१८) या खेळाची. मॅडी थॉर्सन व नोएल बेरी हे त्याचे प्रमुख कर्ते. मॅडलिन नावाची, चिंतारोगाने ग्रासलेली एक तरुणी पर्वत चढावयास निघते, एवढीच कथा. चढण अवघड आहे आणि ते अवघडपण हाच आशय आहे. म्हणजे विरोधकांचा युक्तिवाद येथे पूर्णांशाने लागू पडतो. तरीही कर्त्यांनी साह्याची सोय ठेवली. खेळाचा वेग टप्प्याटप्प्याने निम्म्यापर्यंत उतरविता येतो, थकवा नाहीसा करता येतो, मृत्यूही टाळता येतो. कोणते साह्य किती घ्यावयाचे हे खेळाडूने एकेक ठरवावयाचे असते. ही सोय उघडताना एक लहानसे निवेदन दिसते. काठिण्य हे या अनुभवाचे आवश्यक अंग आहे असे कर्ते त्यात सांगतात, आणि तरीही प्रत्येक खेळाडू वेगळा असतो हे मान्य करतात. या निवेदनाची शब्दरचना पुढे सुधारण्यात आली आणि साह्य घेणाऱ्याला कमी लेखणारी छटा त्यातून काढली गेली. टोपड्याच्या आणि चोखणीच्या चित्रापासून या निवेदनापर्यंतचा प्रवास सुमारे पाव शतकाचा आहे. मुख्यकल्प कोणता हे स्पष्ट सांगून अनुकल्प देण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

पाचवी रीत सर्वांत कल्पक आहे. सुपरजायंट गेम्सच्या 'हेडीज' (२०२०) मध्ये पाताळाधिपतीचा पुत्र पाताळातून निसटण्याचा प्रयत्न करतो. तो मरतो, पुन्हा पित्याच्या घरी येऊन पडतो, आणि तेथील संभाषणांतून कथा पुढे सरकते. मरणे हीच येथे कथनाची रीत आहे. यातील सुलभ पातळी सुरू केली की शत्रूंच्या आघातांपासून वीस टक्के संरक्षण मिळते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक मृत्यूबरोबर ते दोन टक्क्यांनी वाढते. मृत्यू नाहीसा केलेला नाही; उलट त्यालाच साह्याचे साधन बनविलेले आहे. दुबळा खेळाडूही मरतच शिकतो, मरतच कथा ऐकतो; फक्त त्याचा मार्ग कोठेतरी संपेल याची निश्चिती असते. आकृतिबंध अबाधित ठेवून माप कसे बदलावे याचा हा वस्तुपाठ आहे. 'सेकिरो'च्या रोगाच्या रूपकालाही अशाच प्रकारची एखादी योजना सुचणे अशक्य नव्हते.

शारीरिक असमर्थतेच्या संदर्भात तर हा प्रश्न अधिकच मूर्त होतो. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक अनुकूलनक्षम कंट्रोलर विक्रीस आणला. त्याच्या मोठ्या बटणांना तळहाताने वा कोपराने दाबता येते, आणि पायाने किंवा अन्य अवयवाने चालविण्याचे खटके त्याला जोडता येतात. २०२० मधील 'द लास्ट ऑफ अस : पार्ट टू' या खेळात अशा साह्याचे साठांहून अधिक पर्याय होते, ध्वनिसंकेतांच्या आधारे दृष्टिहीन खेळाडूंनीही तो शेवटपर्यंत खेळला. स्टाइनर यांच्या परिभाषेत बोलावयाचे तर ही निव्वळ प्रासंगिक दुर्गमता होती. कर्त्याने ती योजिलेली नव्हती, आणि ती दूर झाल्याने आशयाला कोणतीही बाधा आली नाही. 'गॉड ऑफ वॉर' (२०१८) चे दिग्दर्शक कोरी बारलॉग यांनी २०१९ च्या वादात असे जाहीरपणे सांगितले की, सुगम्यतेमुळे आपल्या कलादृष्टीला कधीही मुरड पडलेली नाही.

७

अर्थात या सर्वांतून सुलभ पातळी प्रत्येक कर्त्यावर बंधनकारक करावी असा निष्कर्ष निघत नाही. ती नीट घडविणे हे कलेचेच काम आहे, आणि ते कर्त्यानेच करावयाचे असते. बाहेरच्या दडपणाने घाईघाईत केलेला आकड्यांचा फेरफार कोणाचेच भले करीत नाही. परंतु 'माझ्या कृतीत ती बसूच शकत नाही' असे म्हणणाऱ्या कर्त्यावर एक उत्तरदायित्व येते : कोणते काठिण्य आपण योजिले आहे आणि कोणते केवळ सवयीने शिल्लक राहिले आहे, याचा निवाडा त्याने केलेला असावा. दक्षिण कोरियातील 'लाइज ऑफ पी' (२०२३) या खेळात आरंभी पातळ्यांची निवड नव्हती. २०२५ मध्ये कर्त्यांनी ती जोडली. मूळ रूप हवे असणाऱ्यासाठी ते तसेच शिल्लक आहे. 'किरातार्जुनीया'च्या पंधराव्या सर्गातील चित्रबंध ज्याला टीकेविना सोडवावयाचे आहेत त्याला 'घंटापथ' आड येत नाही, तसाच हा प्रकार आहे.

ज्याने शंभर पराभवांनंतर विनासाह्य जय मिळविला, त्याच्या जयाचे मोल दुसऱ्या कोणी साह्य घेतल्याने घटत नाही. तो जय त्याच्या आणि कृतीच्या संबंधातून निर्माण झालेला असतो, आणि तिसऱ्याचा त्या संबंधात प्रवेश नसतो. साह्य घेऊन शेवटापर्यंत पोहोचलेल्याचेही तेच. १९७७ च्या त्या अटारी यंत्रावर दोन खटके होते ते याच समजुतीने. दोघे एकाच पडद्यापुढे बसत, एकाचा खटका कठीण बाजूला असे, दुसऱ्याचा सोप्या बाजूला, आणि तरीही ते एकच खेळ खेळत असत.